सिझरचे टाके उघडले, पू काढला, पण पुन्हा टाके लगेच का घालत नाहीत? (माहिती आणि अनुभव हवेत)

रानजाई

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. पहिलटकरीण आहे. रात्रभर कळा दिल्या, पहाटे बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून सिझर करावं लागलं. बाळ छान आहे. बहीण सध्या आईकडे, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आहे.

दुसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या उजव्या टोकाला लाली आली. हात लावला की कळ यायची, अंगात कणकण होती. एका सकाळी उठली तर परकर ओला, पिवळट पाणी आणि त्याला वास. त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिथले टाके कापले, जखम चार बोटं उघडली, बराच पू काढला आणि आत गॉजची पट्टी भरली. रोज ड्रेसिंगला या, जखम स्वच्छ झाली की पुन्हा टाके घालू, एवढंच म्हणाले. बाहेर गर्दी होती, जास्त काही विचारता आलं नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं चाललंय. आजी म्हणते भात खाल्ला म्हणून टाके पिकले. काका म्हणतात पोट उघडं ठेवून घरी पाठवतात म्हणजे काय, सांगलीला नेऊ आणि आजच्या आज शिवून घेऊ. बहीण नुसती रडते. तिला वाटतंय तिच्याच हातून काहीतरी चुकलं.

लगेच शिवत का नाहीत? किती दिवस लागतील? बाळाला अंगावर पाजायचं का? आणि नक्की कशाला घाबरायचं, कशाला नाही?

गोदाकाठ

ताई, माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी अगदी असंच झालं होतं. माझी जखम लहान होती, त्यामुळे पुन्हा टाके घातलेच नाहीत, आतून आपोआप भरत आली. वेळ मात्र लागला, दोन महिन्यांच्या वर. आज तिथे फक्त एक खळगी आहे. बहिणीला सांगा, हे होतं आणि बरंही होतं. सविस्तर नंतर लिहिते.

सुईदोरा

मी जनरल सर्जन आहे, तालुक्याच्या ठिकाणीच काम करतो. न तपासता तुमच्या बहिणीबद्दल ठाम बोलणं बरोबर नाही, पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून उपचाराचा क्रम योग्य दिसतोय.

सिझर करताना आधी कातडी, मग चरबी, मग पोटाच्या स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण लागतं. त्याला आम्ही शीथ म्हणतो. त्याच्या मागे स्नायू, पोटाचा पातळ पडदा आणि शेवटी गर्भाशय. पोट धरून ठेवण्याचं काम शीथ करतं, कातडीचे टाके नव्हे. पू होतो तो बहुतेक वेळा कातडी आणि शीथ यांच्यामधल्या चरबीत. चरबीचा रक्तपुरवठा मुळात कमी. तिथे ऑपरेशननंतर थोडं रक्त किंवा पाणी साचलं की जंतूंना आयती जागा मिळते. जखम उघडल्यावर डॉक्टर आत बोट फिरवून बघतात ते शीथ शाबूत आहे ना, हे कळावं म्हणून. ते शाबूत असेल तर काकांना सांगा, पोट उघडं नाही. वरचा मजला उघडलाय, खालचं दार बंद आहे.

आता लगेच न शिवण्याबद्दल. पू काढून टाकला तरी कडांना आणि तळाला मेलेली चरबी आणि जंतू उरतात. त्यावर कातडी ओढून शिवली तर वरून दिसेल छान, आत पू कोंडेल. चार दिवसांत टाके पुन्हा फाटतील आणि या वेळी पू खोल उतरण्याची भीती जास्त. म्हणून आधी सगळी घाण बाहेर येऊ द्यायची. तळ लालभडक आणि दाणेदार झाला, गॉज काढताना रक्ताचे बारीक थेंब आले, पू आणि वास थांबला, आजूबाजूचा कडकपणा उतरला की जखम शिवण्याजोगी झाली. नीट ड्रेसिंग झालं तर बहुतेकींना एक ते दोन आठवड्यांत ही स्थिती येते. मधुमेह किंवा रक्त फार कमी असेल तर उशीर होतो.

पुढे दोन वाटा आहेत. जखम लहान आणि उथळ असेल तर तशीच भरू देतात, गोदाकाठ ताईंसारखी. मोठी असेल तर शिवलेली बरी. शिवल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत काम होतं, तशीच सोडली तर दोन-अडीच महिने ड्रेसिंग चालतं. ओल्या बाळंतिणीसाठी हा फरक फार मोठा आहे.

कशाला घाबरायचं ते मात्र नीट वाचा.

जखमेतून अचानक भरपूर गुलाबी, मांस धुतल्यासारखं पाणी आलं, खोकताना किंवा उठताना आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, तर शीथ उसवल्याची शक्यता असते. हे बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांत होतं. आतडं बाहेर डोकावलं तर आत ढकलायचं नाही. सलाइनने ओलं केलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवायचं, बाईला आडवं करून गुडघे थोडे दुमडायचे, तोंडाने काही द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. ही जखम ड्रेसिंगच्या टेबलावर शिवत नाहीत, थिएटरमध्ये भूल देऊन शीथ पुन्हा शिवावं लागतं.

दुसरं, जखमेवर जेवढं दिसतंय त्याच्या मानाने दुखणं खूपच जास्त असेल, लाली तासातासाला पसरत असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल किंवा फोड येत असतील, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर लागत असेल, तर रात्र काढू नका. हा जंतुसंसर्ग शीथवरून झपाट्याने पसरतो आणि मेलेला भाग तातडीने कापून काढावा लागतो. क्वचित होतो, पण यात वेळ गेला तर जीव जातो.

आणि ताप, थंडी, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोटात दुखणं हे सगळं एकत्र असेल तर दोष टाक्यांत नसून गर्भाशयात असू शकतो. त्याचा तपास वेगळा करावा लागतो.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. शीथ व्यवस्थित आहे असं आज ड्रेसिंगच्या वेळी विचारून घेतलं. ताप उतरलाय. काकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते शांत झालेत. पण ड्रेसिंगच्या वेळी तिला फार दुखतं. गॉज ओढला की किंचाळते. उद्याची आठवण काढूनच तिला झोप येत नाही.

पांढरीटोपी

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, प्रसूतिपश्चात कक्षात बरीच वर्षं काढलीत. रानजाई, ड्रेसिंगला दुखतं ते पुष्कळ कमी करता येतं.

डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दवाखान्यात पोचल्यावर नव्हे. बाळाला त्याआधी पाजून घ्या, म्हणजे ते मध्येच रडून हिचा जीव वरखाली होणार नाही. गॉज सुकलेलं असेल तर कधीच ओढायचं नाही, त्यावर सलाइन ओतून पाच मिनिटं थांबायचं, मग ते सैल होतं. हे सिस्टरना हक्काने सांगा. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं थांबायला कुणाला वेळ नसतो हे मला चांगलं माहीत आहे, तरी सांगा.

आत भरायची ती एकच लांब पट्टी हवी आणि तिचं टोक बाहेर दिसायला हवं. तुकडे तुकडे भरले की एखादा आत राहतो आणि मग महिनाभर जखम का वाहतेय ते कुणाला कळत नाही. पट्टी कोपऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे, पण हलक्या हाताने. ठासून भरली तर तळाला रक्त पोचत नाही. जखम तळातून वर भरत आली पाहिजे. वरचं तोंड आधी मिटलं आणि खाली पोकळी राहिली तर ती पुन्हा पिकते.

धुवायला नॉर्मल सलाइन पुरे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आला की लोकांना वाटतं जखम साफ होतेय. लाल दाणे यायला लागल्यावर पेरॉक्साइड किंवा कडक जंतुनाशक रोज ओतलं तर नवीन येणारं मांसच जळतं. घरून हळद, खोबरेल तेल, पावडर, कसलीही राख आत घालू नका. हळद दुधातून प्यायला हरकत नाही, उघड्या जखमेत नको.

चिंचगुळ

पण सिस्टर, आमच्याकडे वर्षानुवर्षं हळद लावतात की. माझ्या आईच्या टाक्यांना आजीने तूप-हळदच लावली होती आणि काही झालं नाही.

पांढरीटोपी

चिंचगुळ, आईची जखम मिटलेली असणार. मिटलेल्या कातडीवर लावणं आणि चार बोटं उघड्या खड्ड्यात घालणं यात फरक आहे. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय सगळं पिवळं झालं की पू कुठला आणि हळद कुठली हे आम्हालाच दिसत नाही. आजींच्या मायेबद्दल शंका नाही.

खडीसाखर

भाताचा विषय निघालाय म्हणून. मी आहारतज्ज्ञ आहे. भाताने, दह्याने, वांग्याने, केळ्याने टाके पिकत नाहीत. पू जंतूंमुळे होतो. पण या समजुतीपायी बाळंतिणीची डाळ बंद, अंडी बंद, फळं बंद करून नुसती बाजरीची भाकरी आणि खारीक-खोबऱ्यावर ठेवतात, त्याने जखम नक्की रेंगाळते. नवीन मांस तयार व्हायला प्रथिनं लागतात, आणि ही तर पाजतेही आहे. घट्ट वरण, मुगाची खिचडी, उसळ, दूध, पनीर, चालत असतील तर अंडी आणि मासे, शेंगदाणे. लिंबू, पेरू, आवळा यातलं काहीतरी रोज. हळिवाची खीर चालेल, नाचणीची आंबीलही चालेल.

दोन गोष्टी मात्र आवर्जून तपासा, हिमोग्लोबिन आणि साखर. गरोदरपणात साखर वाढलेली होती का? असेल तर डिंकाचे लाडू, शिरा, गुळाची पेज यांचा मारा सध्या थांबवा. साखर चढलेली राहिली तर कितीही चांगलं ड्रेसिंग करा, जखम वाहतच राहते.

रानजाई

खडीसाखर, गरोदरपणात साखर थोडी वर होती, पण बाळंतपणानंतर कुणी तपासलीच नाही. उद्याच करतो. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास होतं.

आशा_माळावरची

मी आशा कार्यकर्ती आहे, साताऱ्याकडची. सिझर झालेल्या बाईच्या घरी आमच्या पाच भेटी असतात, सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. सगळं लक्ष बाळाच्या वजनाकडे आणि तापाकडे जातं. मी आईचं पोटही बघते. दार लावून घेते, सासू-नणंदेला बाहेर थांबायला सांगते आणि मग विचारते. चारचौघांत बाई म्हणते सगळं ठीक आहे. दार लागलं की म्हणते, ताई, दोन दिवस झाले पाणी येतंय.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालेल्यांसाठी सांगते, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे, आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही त्यात धरल्या आहेत. टाके पिकले म्हणून परत दाखल व्हायला पैसे लागतील या भीतीने घरी बसू नका.

रानजाई ताई, तिथे शेक-शेगडी चालू आहे का?

रानजाई

हो. सकाळी मालिशवाली येते, मग शेगडीचा शेक आणि धुरी.

आशा_माळावरची

मग पोटावरचा शेक लगेच बंद करा. सिझरच्या टाक्यांच्या आसपास, विशेषतः खालच्या बाजूला, कातडी बरेच महिने बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही. आमच्या भागात एका बाईला असाच भाजून फोड आला होता. मालिश हातापायांना, पाठीला करू दे, पोटाला तेल नको. आणि बंद खोलीत धुरी बाळाच्या छातीला वाईट.

अबोली

पाजण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी पाजत राहिले आणि मला त्याचाच आधार झाला. जखमेतला पू दुधात जात नाही. माझ्या डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे अँटिबायोटिक दिलं होतं, ते पाजत्या आईला चालतं. सेफॅलोस्पोरिन गटातली बरीचशीही चालतात. पण दर वेळी औषध लिहून देणाऱ्याला आठवण करा की मी पाजतेय.

मांडीवर घेतलं की बाळाचे पाय टाक्यांवर आपटतात. कुशीवर झोपून पाजायचं, नाहीतर बाळाला काखेखाली धरायचं, पाय आपल्या पाठीकडे आणि डोकं पुढे. खाली उशी. सुरुवातीला अवघड वाटतं, मग जमतं.

आणि बहिणीला कुणी तरी रोज सांगा की तिच्या हातून काही चुकलेलं नाही. मला नातेवाईक भेटायला यायचे आणि म्हणायचे, तुझी कातडीच नाजूक, तू लवकर जिना चढलीस, तू वाकलीस. रात्रभर कळा, पाणमोट आधीच फुटलेली, सतराशे साठ वेळा आतून तपासणी, मग घाईघाईचं ऑपरेशन. यातलं काय माझ्या हातात होतं?

सुईदोरा

अबोली, तुम्ही म्हणताय ते वैद्यकीयदृष्ट्याही खरं आहे. कळा सुरू झाल्यानंतर आणि पाणी गेल्यानंतर केलेल्या सिझरमध्ये जंतुसंसर्गाचा धोका ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त असतो. स्थूलपणा, मधुमेह, रक्तक्षय हे त्यात भर घालतात. वाकणं आणि जिना चढणं या यादीत नाही.

निवडुंग

मला वेगळं बोलायचंय. सगळे बहिणीला धीर देताय ते ठीक, पण हॉस्पिटलला जाब कोण विचारणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझर झालं, खासगी रुग्णालयांत तर ४७.४ टक्के. इतकी ऑपरेशनं करता, मग टाके पिकल्यावर पुन्हा ड्रेसिंगचं आणि शिवण्याचं बिल बाईच्या घरच्यांनीच का भरायचं?

सुईदोरा

निवडुंग, राग योग्य जागी आहे. पण टाके पिकले म्हणजे हलगर्जी झालीच असं होत नाही. सगळं नीट करूनही काही जणींना होतं. हलगर्जी शोधायची तर ती वेगळ्या प्रश्नांत सापडते. पोटावर छेद घेण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस दिला होता का? तो छेदाच्या आधीच्या तासाभरात द्यायला हवा, बाळ काढल्यावर नव्हे. कातडी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनसारख्या जंतुनाशकाने साफ करून वाळू दिली का? केस रेझरने काढले का? रेझरने बारीक जखमा होतात, काढायचेच असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने. चरबीचा थर २ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला वेगळे टाके घालावेत, जखम उघडण्याचं प्रमाण त्याने घटतं. पू आल्यावर कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ते कोणते आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं हे बघायच्या तपासणीला, पाठवला का, की अंदाजाने औषधं बदलत राहिले?

ही उत्तरं कागदावर मागा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, कल्चरचा अहवाल. मागायचा तुमचा हक्क आहे. बिलाच्या बाबतीत मी निवडुंग यांच्याशी सहमत आहे, आपल्याच टेबलावर पिकलेल्या जखमेच्या ड्रेसिंगचे पैसे घेऊ नयेत असं मी माझ्यापुरतं पाळतो.

पाऊलवाट

थोडं अवांतर, पण इथेच शोभेल. बिकिनी कट म्हणून जो खालचा आडवा छेद घेतात तो हेरमान योहानेस फानेनश्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० साली मांडला. उभ्या छेदापेक्षा त्यात हर्निया कमी होतो, म्हणून तो जगभर रुळला. हा माणूस १९०९ मध्ये गेला तो जंतुसंसर्गानेच. पू भरलेल्या गाठीचं ऑपरेशन करताना बोटाला जखम झाली आणि विष अंगात पसरलं. वय पन्नाशीच्या आत. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. त्याच छेदाच्या जखमेवर आज कल्चर करून नेमकं औषध देता येतं, हे किती मोठं आहे.

सागरगोटा

माझा अनुभव मुद्दाम लिहितेय, कारण तो उशिरा कळला. माझे टाके पहिल्यांदा छान भरले होते. महिना उलटून गेल्यावर व्रणावर वाटाण्याएवढी गाठ आली, फुटली, पातळ पाणी आलं, मिटली. मग शेजारी दुसरी. नेहमीच्या अँटिबायोटिक्सचे कोर्स होत राहिले, थोडं बरं, पुन्हा तेच. साध्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. शेवटी मुंबईला एका सर्जननी तुकडा काढून वेगळ्या तपासणीला पाठवला. क्षयरोगाच्या जंतूंच्या जातीतले पण क्षयाचे नव्हेत असे जंतू निघाले. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत आणखी औषधं कित्येक महिने घेतली आणि तो सगळा भाग कापून काढला, तेव्हा संपलं.

सुईदोरा

सागरगोटा, हे लिहिलंत फार बरं केलंत. हे जंतू पाण्यात राहतात. औषधी द्रावणात बुडवलेली उपकरणं नंतर साध्या पाण्याने विसळली तर ते जखमेत जातात. दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर आपल्याकडे हे बऱ्याचदा दिसतं, सिझरनंतरही दिसतं. खूण अशी की सुरुवातीला सगळं ठीक, काही आठवड्यांनी गाठी आणि भोकं, ताप नाही, नेहमीच्या औषधांना दाद नाही. अशा वेळी पू आणि तुकडा दोन्ही मायकोबॅक्टेरियाच्या (क्षयाचे आणि हे जंतू ज्या जातीतले, तिचं नाव) कल्चरला पाठवावेत आणि तसं कागदावर स्पष्ट लिहावं. लिहिलं नाही तर प्रयोगशाळा दोन दिवसांनी ‘वाढ नाही’ असा अहवाल देऊन मोकळी होते, कारण या जंतूंसाठी वेगळी तपासणी लावावी लागते.

मोरपंखी

जरा वेगळं विचारते. माझं सिझर तीन वर्षांपूर्वी झालं, टाके कधी पिकले नाहीत. पण आता व्रणाच्या डाव्या कोपऱ्यात सुपारीएवढी गाठ आहे आणि पाळीच्या दिवसांत तीच दुखते. बाकी महिनाभर काही नाही.

सुईदोरा

मोरपंखी, पाळीसोबत दुखणारी गाठ म्हणजे व्रणातला एंडोमेट्रिओसिस असण्याची शक्यता बरीच आहे. सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी जखमेत रुजतात आणि पाळीच्या वेळी त्याही सुजतात. सोनोग्राफी करून घ्या. पाळीच्या दिवसांत केली तर आणखी नीट दिसते. गोळ्यांनी दुखणं दबतं, पण खरा इलाज गाठ सभोवतालच्या निरोगी भागासह काढणं. शीथमध्ये शिरली असेल तर तो तुकडाही जातो आणि मोठं भोक पडलं तर जाळी बसवावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून करावं.

रानजाई

मंडळी, खबर. साखर जेवणानंतर २०० च्या वर निघाली. फिजिशियननी औषध सुरू केलं, लाडू बंद. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आला, त्यानुसार गोळी बदलली. त्यानंतर जखम भराभर पालटली. करड्या-पिवळ्या थराखालून लाल दाणे दिसायला लागले आणि वास गेला. काल सर्जन म्हणाले, आता शिवू या. नक्की काय करतात? बहीण घाबरलीय, पुन्हा सिझर केल्यासारखंच का?

सुईदोरा

नाही, सिझरच्या मानाने फार लहान काम आहे. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, जखम लहान असेल तर जागेवर भूल देऊनही भागतं. आधी तळावरचे सैल दाणे हलके खरवडून सलाइनने भरपूर धुतात. कडा इतक्या दिवसांत आत वळून जाड झालेल्या असतात, त्या पट्टीएवढ्या कापून ताज्या करतात, म्हणजे रक्ताळलेली कातडी रक्ताळलेल्या कातडीला भिडते. ओढ बसू नये म्हणून कडांखालची चरबी थोडी सुटी करतात. मग नायलॉनचे सुटे टाके. प्रत्येक टाका तळापर्यंत खोल जाऊन वर येतो, त्यामुळे आत पोकळी राहत नाही. आत कमीत कमी दोरा ठेवायचा, कारण ही जागा नुकतीच पिकलेली असते. पोकळी उरण्याची भीती वाटली तर बारीक नळी ठेवतात.

सुटे टाके घालण्याचा फायदा असा, की एखाद्या ठिकाणी पुन्हा पाणी आलं तर तेवढाच टाका काढता येतो, सगळी जखम उघडावी लागत नाही. टाके १० ते १४ दिवस ठेवतात, पहिल्या वेळेपेक्षा जास्त. आधी एकाआड एक काढतात.

जखम खूप मोठी आणि खोल असेल तर आधी काही दिवस व्हॅक लावतात. जखमेत स्पंज, वरून हवाबंद पारदर्शक चिकटपट्टी आणि यंत्राने सतत ओढ. स्पंज दोन-तीन दिवसांनी बदलतात, त्यामुळे रोजचं ड्रेसिंग टळतं. खर्चिक आहे. तुमच्या बहिणीच्या जखमेला त्याची गरज दिसत नाही.

पांढरीटोपी

घरी आल्यावर खोकला किंवा शिंक आली की टाक्यांवर उशी दाबून धरायची. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा देऊन बसायचं. शौचाला कडक होऊ देऊ नका. पोट लोंबत असेल तर त्या घडीत घाम साचतो, दिवसातून दोनदा कोरडं करून स्वच्छ सुती कापड ठेवा. पट्टा बांधायचाच तर जखमेवर काचेल असा घट्ट नको.

गोदाकाठ

आणि टाके निघाल्यावर व्रण खाजेल. खाजवू नका. माझा व्रण जाड, लाल झाला होता, त्यावर डॉक्टरांनी सिलिकॉनची जेल लावायला सांगितली, बरीच बसली.

रानजाई

टाके काढून झाले. एका कोपऱ्यात थोडं पाणी आलं होतं, तिथला एकच टाका आधी काढला, दोन दिवस ड्रेसिंग केलं, तेही कोरडं झालं. बाकी रेघ स्वच्छ आहे. काल तिने बाळाला स्वतः अंघोळ घातली. आजी आता तिला वरणभात वाढते, वर तूपही.

शेवटचा प्रश्न, तिच्या वतीने. जखम पिकली म्हणून पुढच्या वेळी पुन्हा सिझरच का? आणि पुन्हा पिकेलच का?

सुईदोरा

ऐकून आनंद झाला. कातडीची जखम वेगळी आणि गर्भाशयावरची वेगळी. पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का, हे ठरतं गर्भाशयावर कुठे आणि कसा छेद घेतलाय त्यावर, शिवाय सिझर कशासाठी झालं होतं आणि पुढच्या वेळी बाळाची स्थिती काय आहे त्यावर. कातडीचे टाके पिकले होते म्हणून पुन्हा सिझर, असं नसतं. पुन्हा पिकेलच असंही नाही, पण साखर आधीपासून ताब्यात हवी. गरोदरपणात साखर वाढली होती म्हणून बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पाजून चाचणी करा, पुढे वर्षातून एकदा साखर बघत राहा. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर ठेवा, पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दीड-दोन वर्षं जाऊ द्या. तांबी बसवायची असेल तर सहा आठवड्यांच्या तपासणीत विचारा.

रानजाई

डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘सिझेरियन’ लिहिलंय. गर्भाशयावरच्या छेदाबद्दल एक अक्षर नाही.

सुईदोरा

मग ते आत्ताच लिहून घ्या, त्यांच्याकडची नोंदवही ताजी आहे तोवर. गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद होता का, तो वाढवावा लागला का, छेदाआधी कोणतं अँटिबायोटिक दिलं, जखम कधी उघडली, कल्चरमध्ये काय आलं, पुन्हा कधी शिवली. अर्ध्या पानात मावतं. त्यावर सही-शिक्का घ्या, फोटो काढून तिच्या आणि तुमच्या दोघींच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी नाव नोंदवायला जाल त्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हा कागद दाखवा.